कमी फीची, मूल्यांना धरून चालणारी प्राथमिक शाळा कशी उभी करावी

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांनी मुलांसाठी एक खोली उघडली. आईवडील कामावर गेले की पन्नासएक लहान मुलं इमारतीत मोकाट फिरत आणि जिने, भिंती खराब करत. ती एका जागी सांभाळली जावीत अशी इमारत चालवणाऱ्या कंपनीची गरज होती, म्हणून ही खोली मिळाली. १९१९ साली श्टुटगार्टमध्ये पहिली वॉल्डॉर्फ शाळा निघाली, तीही एका सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. आज या दोन्ही नावांच्या शाळा जगभर आहेत आणि त्यांतल्या कितीतरी शाळांची फी कामगाराच्या आवाक्याबाहेर गेली आहे. हे कुणी ठरवून केलेलं नाही. दर वर्षी थोडी बरी जागा, थोडं बरं साहित्य, त्यासाठी थोडी जास्त फी. मग ती फी भरू शकणारेच पालक सभेला उरतात आणि पुढचे निर्णय त्यांच्या सोयीने होत जातात.

मी एका छोट्या शाळेच्या उभारणीत पहिल्या बैठकीपासून होते. शाळा सुरू करणं कष्टाचं असतं, पण ती परवडणारी ठेवणं त्याहून कठीण जातं. त्याची तजवीज पहिली घंटा वाजायच्या आधी करावी लागते. हे सगळं लिहितेय ते त्याच तजविजीसाठी.

आधीचं एक वर्ष: ऐकण्याचं

कल्पना सुचल्यापासून शाळा उघडेपर्यंत किमान बारा महिने हातात ठेवा, अठरा मिळाले तर उत्तम. चार-पाच जणांचा गट जमवा. त्यात एक जण असा हवा ज्याने प्राथमिक वर्ग स्वतः शिकवलाय, एक हिशेबात पक्का, एक कायद्याची कागदपत्रं न कंटाळता वाचणारा, आणि एक अशा घरातला, जिथे फीचा आकडा ऐकून खरोखर पोटात गोळा येतो. हा शेवटचा माणूस बहुतेक गटांत नसतो. त्याच्याशिवाय "परवडणारी" या शब्दाचा अर्थ बाकीचे आपल्या खिशाकडे बघून लावत राहतात.

मग घरोघरी जा. किमान चाळीस कुटुंबांशी बोला. "अशी शाळा निघाली तर आवडेल का?" हा प्रश्न मात्र विचारू नका. समोर बसलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही. सध्या मुलाच्या शिक्षणावर महिन्याला किती जातात ते विचारा. वाहन, शिकवणी, गणवेश सगळं धरून. मूल किती वाजता घरी येतं, तेव्हा घरी कोण असतं? शिक्षकांशी शेवटचं बोलणं कधी झालं आणि कशावरून? आत्ताची शाळा सोडायची वेळ आली तर कशाची भीती वाटेल? आम्हाला आमची कल्पना फार नवी वाटत होती. पालकांच्या उत्तरांतून कळलं की त्यांची पहिली चिंता शाळा सुटण्याच्या वेळेची होती आणि दुसरी, पाचवीनंतर मूल कुठे जाणार याची. अध्यापनपद्धती पहिल्या पाच चिंतांत नव्हती.

जी कुटुंबं उत्सुक दिसतात, त्यांच्याकडून शाळा उघडायच्या सहा महिने आधी लेखी इच्छापत्र आणि अगदी छोटी, परत मिळणारी अनामत घ्या. तोंडी होकार देणाऱ्यांपैकी निम्मी कुटुंबं आली तरी खूप, असं धरूनच चाला.

मूल्यं: तीनच, आणि निर्णयांच्या भाषेत

प्रेम, सत्य, समता, श्रम, करुणा, शिस्त, जिज्ञासा. अशी यादी कोणत्याही शाळेच्या भिंतीवर लावता येते, आणि म्हणूनच तिचा उपयोग होत नाही. तीन निवडा. प्रत्येकापुढे लिहा की या मूल्यासाठी आपण काय सोडायला तयार आहोत. जिथे काहीच सोडावं लागत नाही, तिथे ते मूल्य अजून नुसतं शब्द आहे.

समता निवडलीत तर लिहा: ज्या सहलीला एकाही मुलाला पैशाअभावी येता येणार नाही, ती सहल आम्ही काढणार नाही. वाढदिवसाला वर्गात वस्तू वाटल्या जाणार नाहीत. कोणत्या मुलाची फी किती, हे वर्गशिक्षकाला माहीत नसेल. श्रम निवडलेत तर लिहा: दिवसाची शेवटची पंधरा मिनिटं वर्ग आवरण्याची, त्यात मुख्याध्यापकही असतील, स्वच्छतागृह आणि धोक्याची कामं मात्र पगारी माणूसच करेल, मुलांकडून ती करून घेतली जाणार नाहीत. प्रामाणिकपणा निवडलात तर लिहा की काच फोडून स्वतःहून सांगायला आलेल्या मुलाशी पहिलं वाक्य काय बोलायचं.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. मूल्यांची परीक्षा परिपाठाच्या वेळी होत नाही, ती मधल्या सुट्टीत होते. म्हणून पाच-सहा प्रसंग घेऊन आपण काय करू ते सविस्तर लिहून काढा: एका मुलाने दुसऱ्याला मारलं, पेन्सिल चोरीला गेली, एका मुलीला कुणी खेळायला घेत नाही, पालक आपल्या मुलाला पहिल्या बाकावर बसवायचा आग्रह धरतात, शिक्षकाचाच तोल जाऊन तो ओरडला. गटातल्या प्रत्येकाने हे आधी एकेकट्याने लिहावं आणि मग एकत्र वाचावं. इतके दिवस झाकलेले मतभेद त्या एका संध्याकाळी बाहेर येतात. ते तेव्हाच आलेले बरे.

मूल्यं एखाद्या धर्मपरंपरेतून आलेली असतील तर तसं पहिल्या भेटीतच पालकांना सांगा, आणि प्रार्थना किंवा विधी यांतलं काय सक्तीचं आणि काय ऐच्छिक, तेही लेखी द्या. नसतील तर तेही तितकंच स्पष्ट सांगा. प्रवेश झाल्यावर कळलेली गोष्ट पालकांना फसवणूक वाटते, आणि ती तशी असतेच.

एक गोष्ट मात्र निवडीची नाही. शारीरिक शिक्षा आणि अपमान कोणत्याही कारणाने होणार नाही, हे संस्थेच्या नियमावलीत असलं पाहिजे. मुलांच्या सुरक्षिततेची लेखी पद्धतही तिथेच हवी: कामावर येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पूर्वचौकशी, बंद दाराआड एका मुलाबरोबर एकटा मोठा माणूस कधीच नाही, आणि तक्रार घ्यायला शाळेबाहेरची एक ठरलेली व्यक्ती. छोट्या, घरगुती वाटणाऱ्या शाळांत "आपण सगळे ओळखीचेच आहोत" म्हणून हे राहून जातं. ओळखीतच हे जास्त लागतं.

संस्था आणि परवानगी

शाळा कुणाच्या खाजगी नावावर ठेवू नका. नफा वाटून न घेणारी स्वतंत्र संस्था नोंदवा. तिचं नाव आणि प्रकार देशोदेशी वेगळे असतात. विश्वस्त पाच ते सात. एका कुटुंबातले दोनपेक्षा जास्त नकोत. मुख्याध्यापक विश्वस्त मंडळाला उत्तरदायी असावेत. मंडळाने रोजच्या शिकवण्यात हात घालू नये.

नियमावलीतच तीन कलमं घाला, म्हणजे पुढचं मंडळ ती सहज पुसू शकणार नाही. पहिलं: किती टक्के जागा कमी फीच्या असतील. दुसरं: पूर्ण फी जास्तीत जास्त किती असू शकते, तीही रकमेत न लिहिता शिक्षकाच्या पगाराच्या प्रमाणात; कसं ते पुढे येतंच. तिसरं: ही दोन कलमं बदलायला तीन चतुर्थांश मतं आणि पालकसभेची संमती लागेल. शाळा महाग होत जाते ती या तीन ओळी नसल्यामुळे.

परवानगीचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. काही ठिकाणी नुसती नोंद पुरते, काही ठिकाणी मान्यतेशिवाय एकही मूल घेता येत नाही. म्हणून जागेच्या करारावर सही करण्याआधी शिक्षण खात्याला आणि इमारत परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी प्रश्न पाठवा आणि उत्तरही लेखी मागा: या इमारतीत शाळा चालवता येते का, आगीच्या वेळी बाहेर पडायचे मार्ग किती लागतात, किती मुलांमागे एक स्वच्छतागृह, शिक्षकांची पात्रता काय लागते, कोणता अभ्यासक्रम बंधनकारक आहे. आम्ही एका ठिकाणी तोंडी आश्वासनावर भाडं भरलं आणि मग जिन्याची रुंदी कमी पडल्याचं कळलं. चार महिने त्यात गेले.

त्याच काळात जवळच्या माध्यमिक शाळांत जाऊन भेटा. आमच्याकडून येणाऱ्या मुलांना तुम्ही प्रवेश द्याल का, कोणता दाखला लागेल? पालकांच्या दुसऱ्या चिंतेचं उत्तर तिथे मिळतं.

पैसा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मूल्यांवर तासन्‌तास बोलणारी माणसं या पानावर आली की घाई करतात.

कोणत्याही चलनात उपयोगी पडावा म्हणून हिशेब असा मांडू: एका वर्गशिक्षकाचा वर्षाचा पगार म्हणजे १०० भाग. सहा-सात वर्षं ते दहा-अकरा वर्षं वयाची ६० मुलं, काही इयत्ता एकत्र करून तीन गट, अशी पूर्ण वाढलेली छोटी शाळा धरा. तीन वर्गशिक्षकांचे ३००. अर्धा दिवस स्वतः शिकवणाऱ्या मुख्याध्यापकांचे १२०. मदतनीस आणि कार्यालयाचं काम मिळून ६०. बेरीज ४८०. त्यावर आजारपण, निवृत्तीची तरतूद आणि बदली शिक्षक यांसाठी दहा टक्के, म्हणजे ४८. पगाराची बाजू झाली ५२८. भाडं १२०, वीज, पाणी, स्वच्छता ४०, पुस्तकं आणि साहित्य ४०, विमा, हिशेबतपासणी, दुरुस्ती ४०, राखीव निधी ३२. एकूण ८००.

आता बहुतेक जण ८०० ला ६० ने भागतात आणि फी १३ भाग ठरवून मोकळे होतात. इथेच शाळा बुडते. साठपैकी साठ जागा कायम भरलेल्या नसतात, ५४ धरा. त्यांतली ३० मुलं पूर्ण फी भरतील, १४ अर्धी, १० पाव. म्हणजे ३० अधिक ७ अधिक अडीच, एकूण साडेएकोणचाळीस पूर्ण फी. ८०० ला ३९.५ ने भागा. उत्तर सव्वावीस. खरी पूर्ण फी तेरा नसून वीस आहे, दीडपट. सवलती "जमेल तशा देऊ" म्हणणारी शाळा तेरा जाहीर करते, दुसऱ्या वर्षी सवलती बंद करते, आणि तिसऱ्या वर्षी तिथे पूर्ण फीवालीच मुलं दिसतात.

फी परवडणारी आहे की नाही याची माझी कसोटी साधी आहे: तुमच्याच शाळेतला मदतनीस आपलं मूल तुमच्या शाळेत घालू शकतो का? वरच्या हिशेबात पाव फी म्हणजे शिक्षकाच्या वर्षाच्या पगाराचा विसावा भाग. शिक्षकाच्या पगारातून ती निघते. मदतनिसाला ६० भाग पगार असेल, तर पाव फी त्याच्या पगाराच्या बाराव्या भागाएवढी, म्हणजे एका महिन्याची कमाई होते, आणि तीही जड जाऊ शकते. त्याच्यासारख्यांसाठी आठवा हिस्सा फीच्या दोन जागा ठेवता येतात का, हे त्याच कागदावर करून बघा. आता मघाचं कलम लिहिता येईल: "पूर्ण फी वर्गशिक्षकाच्या वार्षिक पगाराच्या २२ टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही." महागाई वाढली की दोन्ही आकडे बरोबर वाढतात आणि पगार न वाढवता फी वाढवायची वाट बंद होते.

खर्च कुठे कमी करायचा? पगारात नाही. कमी पगारावर त्यागाने शिकवणारे शिक्षक दोन वर्षांत थकतात किंवा निघून जातात, आणि मुलांना दर वर्षी नवा चेहरा दिसतो. अशी शाळा स्वस्त नसते. तिची फी शिक्षकाचं कुटुंब भरत असतं. वेगळी संगणक खोली, छापील वह्या, बोधचिन्हाचा गणवेश, स्वतःची बस, रंगीत माहितीपत्रक, वार्षिक समारंभाचा मांडव, यांतलं काहीही पहिली तीन वर्षं नको. ग्रंथालयात मात्र कंजुषी नको. साठ मुलांना चांगली सहाशे पुस्तकं हवीत. जुनी चालतील, फाटकी नकोत.

देणग्या घ्या, पण चालू खर्चाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त त्यांच्यावर अवलंबून राहू नका. आमच्या हिशेबात ८० भाग देणगीतून आले तर पूर्ण फी साधारण १८ वर येते. देणगीदार मोठा असेल आणि त्याला मंडळात जागा हवी असेल तर दोन दिवस थांबून नकार द्या. इमारत, पुस्तकं, खेळाचं साहित्य अशा एकदाच्या खर्चासाठी देणगी सगळ्यात चांगली.

सुरुवातीचं भांडवल असं काढा. पहिल्या वर्षी २० मुलं, एक मुख्याध्यापक, एक शिक्षक, अर्धवेळ मदतनीस: पगार आणि तरतूद २७५, अर्धी जागा ६०, बाकी ५५, एकूण ३९०. फी २० भाग धरली आणि ११ पूर्ण, ५ अर्धी, ४ पाव असा पट मिळाला, तर जमा २९०. तूट १००. उघडण्याआधीचे सहा महिने मुख्याध्यापकांना पगार द्यावा लागेल, ६०. फर्निचर, पुस्तकं, परवाने ४०. अडीअडचणीला तीन महिन्यांचा खर्च हाताशी हवा, साधारण १००. एकूण ३००. तीन शिक्षकांच्या वर्षाच्या पगाराएवढी रक्कम बँकेत पडल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. दुसऱ्या वर्षी पट चाळीसच्या जवळ गेला तर जमाखर्च जेमतेम जुळतो. तो वीस-बावीसवरच राहिला तर हे पैसे दुसऱ्या वर्षअखेर संपतात, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं.

जागा

१९४५ च्या वसंतात इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळच्या व्हिला चेल्ला गावात लोकांनी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याचा मागे राहिलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून लहान मुलांची शाळा बांधायला घेतली. विटा पडक्या घरांच्या होत्या, मजुरी गावकऱ्यांची. पुढे जगभर नावाजलेलं रेज्जो एमिलियाचं बालशिक्षण तिथून उगवलं. १९८५ साली बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने २२ शाळा सुरू केल्या त्याही एका खोलीच्या: एक शिक्षक, तीसेक मुलं. इमारतीची वाट पाहणाऱ्यांनी या दोन गोष्टी जरूर मनात ठेवाव्यात.

दिवसा रिकामी असणारी जागा शोधा: प्रार्थनास्थळाचा सभामंडप, समाजमंदिर, वाचनालयाचा वरचा मजला, क्लबचं सभागृह. वर्गखोलीत प्रत्येक मुलामागे निदान दोन चौरस मीटर जागा धरा. स्थानिक नियम जास्त मागत असेल तर तो पाळा. दोन दिशांनी बाहेर पडता आलं पाहिजे, उजेड खिडकीतून यायला हवा, आणि पळायला मोकळी जागा चालत पाच मिनिटांच्या आत हवी. सामायिक जागेत एकच मोठा त्रास असतो: शनिवारी कुणाचा तरी कार्यक्रम झाला की सोमवारी सकाळी भिंतीवरची मुलांची चित्रं गायब. करारातच एक कुलूपबंद खोली आणि एक कायमची भिंत मागून घ्या.

शिक्षक आणि शिकवणं

मूल्यांवर भर देणाऱ्या काही शाळांत एक गोष्ट मी पाहिली आहे आणि तिचा मला राग आहे. मुलं हसरी असतात, नम्र असतात, बागेत राबतात, आणि तिसरीत त्यांना एक परिच्छेद वाचता येत नाही. ज्या घरात पुस्तकं आहेत, ते मूल घरी वाचायला शिकतं. ज्या घरात नाहीत, त्याचं नुकसान कायमचं होतं. कमी फीच्या शाळेत दुसऱ्या प्रकारची मुलं जास्त असतात. म्हणून वाचायला शिकवणं हे या शाळेचं पहिलं नैतिक काम समजा.

सकाळचा ताजा दीड तास भाषेला द्या, त्यानंतर एक तास गणिताला. पहिल्या दोन वर्षांत अक्षर आणि ध्वनी यांचं नातं क्रमाने, रोज, ठरवून शिकवा. त्याच्या जोडीला शिक्षकाने रोज वीस मिनिटं चांगलं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावं. गणितात आधी हातात धरायच्या वस्तू, मग चित्र, मग अंक. वर्षातून तीनदा प्रत्येक मुलाकडून एक अनोळखी उतारा मिनिटभर वाचून घ्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा आणि वहीत नोंदवा. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. ही वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर असावी. मागे पडलेल्या मुलाला दुसऱ्या आठवड्यापासून रोज वीस मिनिटं वेगळी मिळाली पाहिजेत. ती कोण देणार ते वेळापत्रकात लिहिलेलं असावं.

दोन-तीन इयत्ता एकत्र बसवणं छोट्या शाळेला पैशासाठी भाग पडतं, पण नीट केलं तर त्यात मुलांचा फायदा आहे. कोलंबियात १९७० च्या दशकात ग्रामीण शाळांसाठी एस्क्वेला नुएव्हा नावाची पद्धत विकसित झाली ती अशाच वर्गांसाठी. मुलांना आपल्या गतीने पुढे जाता येईल अशा स्वाध्यायपुस्तिका, छोट्या गटात काम, आणि शाळेच्या कामकाजात मुलांनी निवडलेली मंडळं. शिक्षक एका गटाला शिकवतो तेव्हा बाकीच्यांना काय करायचं हे लेखी, मुलाला स्वतः वाचून कळेल असं तयार असावं लागतं. हे साहित्य उघडण्याआधी निदान तीन महिन्यांचं तयार ठेवा. रोज रात्री बसून उद्याचं लिहिणारा शिक्षक दुसऱ्या महिन्यात आजारी पडतो.

शिक्षक निवडताना मुलाखतीपेक्षा वर्ग बघा. उमेदवाराला आठ-दहा मुलांबरोबर अर्धा तास द्या. पाठ कसा झाला हे दुय्यम आहे. ज्या मुलाने चुकीचं उत्तर दिलं, त्याच्याकडे तो कसा वळला ते पाहा. नंतर त्याला पाठातल्या दोन उणिवा सांगा आणि लगेच तोच पाठ वेगळ्या मुलांना पुन्हा घ्यायला सांगा. जो बदल करतो, त्याला घ्या. पदव्या कायद्याला लागतील तेवढ्या असाव्यातच, पण हे दुसरं पाठ घेणं मला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त सांगून जातं.

दर आठवड्याला मुलं गेल्यावर दोन तास शिक्षकांनी एकत्र बसायचं. विषय एकच: या आठवड्यात कोणत्या मुलाची काळजी वाटली.

उघडताना

सगळ्या इयत्ता एकदम उघडू नका. सर्वांत लहान दोन इयत्तांपासून सुरुवात करा आणि दर वर्षी एक वाढवा. चौथी-पाचवीत येणारी मुलं बहुधा आधीच्या शाळेत दुखावून आलेली असतात. त्यांना वेळ लागतो, आणि नव्या शाळेकडे तो नसतो. पहिले दोन आठवडे पुस्तकापेक्षा रीत शिकवा: दप्तर कुठे, हात वर कसा, भांडण झालं तर कुणाकडे जायचं, शांतता मागायची खूण कोणती. इथे घालवलेला वेळ वर्षभर परत मिळत राहतो.

ठरलेल्या तारखेच्या नव्वद दिवस आधी अनामती मोजा. पंधरापेक्षा कमी असतील तर एक वर्ष पुढे ढकला आणि अनामती परत करा. लाजिरवाणं वाटतं, पण सहाच मुलं घेऊन उघडलेली शाळा ऑक्टोबरपर्यंत पगार देऊ शकत नाही, आणि मग त्या सहा मुलांना वर्षाच्या मध्ये शाळा शोधावी लागते.

पालक

प्रवेशाआधी प्रत्येक कुटुंबाबरोबर तासभर बसा. मुलाची चाचणी घेऊ नका. कमी फीची शाळा मुलं निवडायला लागली की तिचा हेतूच गेला. त्या तासात मूल्यांची ती प्रसंगांची पानं एकत्र वाचा आणि विचारा, यातलं काय पटत नाही?

फीची सवलत कोण ठरवतो, हे नाजूक काम आहे. एक विश्वस्त आणि हिशेबनीस, दोघांनीच ते करावं. पालकांना तीन पायऱ्यांच्या उत्पन्नाच्या मर्यादा छापून द्या आणि आपली पायरी त्यांनाच सांगू द्या. कागदपत्रं कमीत कमी मागा. काही जण गैरफायदा घेतील. तो खर्च सोसवतो. गरीब आईला फाइल घेऊन रांगेत उभं करणं मात्र सोसवू नये.

फी कमी भरणाऱ्या पालकांनी त्या बदल्यात शाळेत काम करावं, असं कुणीतरी हमखास सुचवतं. आमच्याकडे पहिल्या वर्षी हे झालं. दोन महिन्यांत चित्र असं दिसू लागलं की काही मुलांच्या आया फरशी पुसतात आणि काहींच्या आया सभेत बोलतात. मुलांनी ते आमच्या आधी पाहिलं होतं. आम्ही ते त्याच आठवड्यात थांबवलं. पालकांचे तास मागायचे असतील तर सगळ्यांकडून सारखेच मागा, फीशी त्याचा काही संबंध नको, आणि रात्रपाळी करणाऱ्याला घरून करता येईल असंही काम यादीत असू द्या.

दुसरं आणि तिसरं वर्ष

दुसऱ्या वर्षी संस्थापक थकतात. पहिल्या वर्षाचा उत्साह गेलेला असतो आणि पट अजून भरलेला नसतो. मुख्याध्यापकांच्या वर्षातल्या चार आठवड्यांच्या सुट्ट्या आधीच दिनदर्शिकेवर टाका. त्या काळात कुणी फोन करायचा नाही. याच वर्षी चांगल्या हेतूने मोडतोड सुरू होते. एखादा सधन पालक वातानुकूलनाचा खर्च देऊ करतो, कुणी परदेशी भाषेचा तास सुचवतं, कुणाला शेजारच्या शाळेसारखं वार्षिक संमेलन हवं असतं. प्रत्येक सूचनेपुढे तीन आकडे मांडा: दर वर्षी याचा चालू खर्च किती, तो फीत किती भागांची भर घालेल, आणि त्यामुळे पाव फीच्या किती जागा जातील. आकडे समोर आले की वाद बराच लहान होतो.

दर वर्षअखेर मंडळापुढे एकच पान ठेवा. पट किती, त्यात पूर्ण, अर्धी, पाव फीची मुलं किती. सोडून गेलेली मुलं किती आणि का. वाचनाच्या वहीतले आकडे पायरीनुसार, म्हणजे पाव फीची मुलं पूर्ण फीच्या मुलांइतकी वाचतात का. किती शिक्षक टिकले. राखीव निधी किती महिन्यांचा. कोणतं मूल कोणत्या पायरीवर, हे फक्त सवलत ठरवणारा विश्वस्त आणि हिशेबनीस यांनाच माहीत असतं, म्हणून ही जुळवणी हिशेबनिसानेच नावं न लिहिता करायची. तिसऱ्या वर्षी पाव फीच्या जागा रिकाम्या दिसल्या तर पैसा वाचला म्हणून खूश होऊ नका. ज्या वस्तीसाठी शाळा काढली तिथे पुन्हा घरोघरी जा आणि काय झालं ते विचारा.

शाळा बंद करावी लागली तर काय, हेही पहिल्याच वर्षी लिहून ठेवा. वर्षाच्या मध्ये बंद करायची नाही. पालकांना निदान तीन महिने आधी कळवायचं. प्रत्येक मुलासाठी दुसऱ्या शाळेत जागा मिळेपर्यंत कार्यालय उघडं ठेवायचं, शिक्षकांचा शेवटचा पगार राखीव निधीतून द्यायचा, आणि प्रत्येक मुलाची फाइल, हजेरी, वाचनाची नोंद, दाखला पालकांच्या हातात द्यायचा. त्या फाइलच्या प्रती पुढची किती वर्षं, कुणाच्या कपाटात राहतील, त्या माणसाचं नाव त्याच पानावर लिहा.